हार घातलेले आप्पा

आमच्या आप्पांना टीव्ही मालिकेत पहिली भूमिका मिळाली ती मेलेल्या माणसाची.

जन्मभर त्यांनी सोलापुरात नाटकं केली, एका सिनेमात पोस्टमन झाले (दार उघडेपर्यंत सीन संपला!) आणि साठी उलटल्यावर हे, नायिकेचे दिवंगत वडील. म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो! आईनं कपाळावर हात मारला. "जित्या माणसाला हार? लाज न्हाय वाटत?"

"अगं, ती पोरगी रोज माझ्यापुढं रडणार हाय! आजवर माझ्या कामाला कोण रडलंय का?"

खरंच कुणी रडलं नव्हतं. आप्पा स्टेजवर मरायला लागले की लोक हसायचे. एकदा तरी कुणी रडावं, एवढीच त्यांची इच्छा. लहानपणी त्यांनी मलाही नाटकात घेतलं होतं, तर रडायच्या जागी मी फिदीफिदी हसलो. तेव्हापासून मी घरात "दगड"!

पहिला भाग लागला आणि माझी छाती अशी फुगली, की टीव्हीवरच्या त्या फोटोचा फोटो काढून मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमचे आप्पा!" आणि पुढं जोडलेले हात (नमस्कार हो, दुसरं काय!).

सकाळी दारात जीप. वळसंगचा मामा, मामी, दुखवट्याची पिठलं-भाकरी आणि असा हंबरडा, की गल्ली गोळा झाली. दार उघडलं कुणी? आप्पांनी!

"भूऽऽत!" मामी उंबऱ्यातच बसली.

मामा आप्पांना चाचपायला लागला. "दाजी, तुमी हाय व्हय?"

"हाय की! पण तू रडलास का रे? खरं रडलास?"

"वळसंगपासनं रडतोय की!"

आप्पांनी त्याला कडकडून मिठी मारली. लई खूश झाले होते. पिठलं-भाकरी आम्ही सगळ्यांनीच खाल्ली. निघताना मामानं मला दम भरला, "आता म्या फसत न्हाय!"

आणि नाहीच फसला. यंदा दिवाळीनंतर आप्पा खरंच गेले. चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. मी मामाला फोन लावला.

"मामा, आप्पा गेले."

"आता कुठल्या मालिकेत?"

"मामा, खरंच गेले हो..." मी ओक्साबोक्शी रडायला लागलो. इतका मी कधीच रडलो नव्हतो.

मामा म्हणाला, "वा रं भाच्या! बापापेक्षा झ्याक करतोस की!"

या दगडाला जन्मात अभिनयाची दाद मिळाली ती एवढीच, आणि ती ऐकायला नेमके आप्पाच नव्हते!