इंजेक्शन थांबवणाऱ्या डॉक्टर शालिनीबाई

वाशीमच्या डॉक्टर शालिनीबाई यंदा वयाची साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी आणि खेड्यापाड्यांतल्या शिबिरांविषयी या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या दवाखान्यातली परिचारिका. मी जे जवळून पाहिले, तेवढेच लिहिते.

माझे गाव अनसिंग. आईवडील शेतमजूर, आणि आमच्या घरात नोकरी करणारी मीच पहिली. दवाखान्यात रुजू झाले त्या दिवशी बाईंनी कपाटातल्या एका खोक्यातून काचेची कुपी काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारले, ‘‘यात काय आहे?’’ कुपीवरची चिठ्ठी निघून गेली होती. मी खोक्यावर वाचून औषधाचे नाव सांगितले. बाई म्हणाल्या, ‘‘तू खोक्याचं नाव सांगितलंस. कुपीत काय आहे, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही.’’ ती कुपी त्यांनी मलाच फेकायला लावली. बाईंशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांना हार्मोनची इंजेक्शने देण्याचे काम बाईंनी चारपाच वर्षांपूर्वी हाती घेतले. औषध मुंबईहून मागवावे लागे आणि ते थंड ठेवावे लागे. पण बाईंना काळजी असे ती दुसरीच. या औषधाने स्त्रीबीज वाढते. मात्र मात्रा जास्त झाली तर बीजकोश सुजतात, पोटात पाणी साठते, जिवावरही बेतू शकते. म्हणून रोजच्या इंजेक्शनापूर्वी त्या स्वतः तपासत. आणि नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय बायकोला एकही सुई देत नसत.

रिठदचे देवराव आणि त्यांची पत्नी सुभद्राबाई आले, तेव्हा देवरावांनी कुरकुर केली, ‘‘मले काय झालं? मी त धडधाकट हाय.’’

‘‘काही झालं नसंल त तेही कळंल,’’ बाई म्हणाल्या. देवरावांत दोष निघाला नाही. आधी सुभद्राबाईंना गोळ्या देऊन पाहिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही, तेव्हा इंजेक्शने सुरू केली. नवराबायको वाशीमला नातेवाइकांकडे राहिले.

नवव्या दिवशी एका अडलेल्या बाळंतपणासाठी बाईंना बाहेरगावी जावे लागले. जाताना त्या मला बजावून गेल्या, ‘‘पोट जड वाटते का, विचार. हो म्हणाली तर मी येईपर्यंत सुई द्यायची नाही.’’ मी विचारले. सुभद्राबाई म्हणाल्या, ‘‘जरासं जड वाटते. सकाळी दोन भाकरी जास्त झाल्या असंन.’’ मला ते पटले. वेळ टळू नये म्हणून मी इंजेक्शन दिले.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंचे लुगडे कमरेला घट्ट होऊ लागले होते. बाईंनी तपासले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. मी त्यांना बाजूला घेऊन काल घडले ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग देवरावांना आत बोलावून म्हणाल्या, ‘‘कालचं इंजेक्शन द्यायले नको होतं. चूक आमच्या दवाखान्याची हाय. आता वाढलेलं बीज सोडवायचं शेवटचं इंजेक्शन राह्यलं, ते मी देणार नाही.’’

देवराव भडकले. ‘‘दहा दिस झाले, घरदार सोडून आमी इथं राहून राह्यलो! एकच सुई उरली, तीच काहून अडवता? आमची कुपी आमाले द्या. सुई कोणीबी टोचून देते.’’

पैसे भरून मागवलेली ती कुपी त्यांचीच होती. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून सुभद्राबाईंसमोर बसल्या. ‘‘सुभद्रे, हे घेतलं त सूज वाढंल. पोटात पाणी भरंल, रक्त घट्ट होईल. तू मरूही शकतं. नाही घेतलं त हा महिना वाया जाईल. शरीर तुहं हाय, तू सांग.’’

सुभद्राबाईंनी टेबलावरची कुपी हाताने दूर सारली. मग नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘मले नाई घ्यायचं.’’

देवराव कुपी तिथेच टाकून बाहेर गेले. अंगणात जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. तासाभराने परत आले ते बायकोसाठी चहा घेऊन.

बाईंनी सुभद्राबाईंना दवाखान्यातच ठेवून घेतले. रोज वजन, पोटाचा घेर आणि लघवीचे प्रमाण मी लिहीत होते. चौथ्या दिवसापर्यंत घेर वाढत गेला, नंतर उतरू लागला. दोन आठवड्यांनी त्या पायी चालत एस.टी. स्टँडवर गेल्या.

मी राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला होता. बाईंनी तो वाचला आणि परत दिला. ‘‘तू लपवलं असतंस, तर आज तिचं काय झालं असतं?’’ एवढेच त्या बोलल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक तक्ता लिहून घेतला: इंजेक्शनापूर्वी कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणत्या उत्तरावर थांबायचे. ‘मला वाटले’ हे शब्द त्यात कुठेही चालणार नाहीत, अशी त्यांची अट होती.

पुढे कमी मात्रेत सुभद्राबाईंवर आणखी दोनदा उपचार झाले. मूल झाले नाही. त्यानंतरही देवरावच आग्रह करू लागले, तेव्हा बाईंनी दोघांना बसवून सांगितले की, आता थांबू या. असे सांगणे त्यांनाही सोपे गेले नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मी पाहिले आहे.

सुभद्राबाई मात्र दवाखान्यात येत राहिल्या. रिठदच्या आसपासची कोणी बाई उपचारांना निघाली की त्या सोबत येतात, बाकावर तिच्याशेजारी बसतात. परवा एका नव्या सुनेला त्या सांगत होत्या, ‘‘पोट जड वाटलं त लपवू नको पोरी. सुई चुकली तरी चालते. तू राह्यली पायजे.’’ बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारायला मला सांगितले.

बाईंची प्रकृती उत्तम राहो, त्यांच्या हातांना बळ राहो, आणि आणखी पुष्कळ वर्षे त्यांनी आम्हांला असेच उलटे प्रश्न विचारत राहावे, ही मनापासून इच्छा.