‘आणि मग?’ विचारणाऱ्या काकू

सिंगापुरात हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये शिरल्या की धोक्याच्या बटणाशेजारी बोट धरून उभ्या राहायच्या. बटण त्यांनी कधी दाबलं नाही, पण दार उघडेपर्यंत बोटही खाली आलं नाही. काका बँकेत होते, मुलगा ऑस्ट्रेलियात. काकूंना सरकत्या जिन्याची, मांजरांची, विजांची, एवढंच काय, भलत्या वेळी वाजलेल्या बेलचीही भीती वाटायची.

पण भीती वाटली की त्या तिच्या मागेच लागायच्या. “लिफ्ट अडकली. आणि मग? बेल वाजवू. आणि मग? माणूस येईल. बरं, चल आत.” माझा धाकटा भाऊ त्यांना ‘आणिमग काकू’ म्हणायचा. एकदा पुलाउ उबीन बेटावर जाताना होडीत त्या लाइफ जॅकेट छातीशी घट्ट धरून पुटपुटत बसल्या होत्या. नावाडी हसून इथल्या इंग्रजीत म्हणाला, “आंटी, विल नॉट सिंक लाह!” काकूंनी डोळे उघडले नाहीत. किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र साडी झटकत मला म्हणाल्या, “घाबरत आलं तरी बेट तेच असतं हो.”

मीही तशीच घाबरट. बाबा जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर म्हणून इथे आले, आता फोरमन आहेत. आईचं शिक्षण दहावीपर्यंत. कॉलेजचं दार आमच्या घरात कोणी आतून पाहिलेलं नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सगळा खर्च तेच उचलतात असं कळलं, म्हणून मी अर्ज करायला बसले आणि ‘कोणता विषय घेणार?’ या एका प्रश्नापाशी अडले. मला कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. ते लिहिलं आणि त्यामुळेच नाकारलं तर?

गणपतीत आरती झाल्यावर बाबांनी हा प्रश्न मराठी मंडळातल्या एका काकांना विचारला. त्यांच्या दोन्ही मुली अमेरिकेत शिकल्या होत्या. “कॉम्प्युटर? अहो, आपली सगळी पोरं तेच लिहितात! हिला कोणी घेत नाही असं काहीतरी लिहू दे, इतिहासबितिहास. आत गेली की बदलेल.” बाबा मान डोलवत राहिले. बसमध्ये मला म्हणाले, “सायू, त्यांच्या मुली गेल्यात तिकडे. आपल्याला काय कळतं?” मला त्या वाक्याचीच जास्त भीती वाटली, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

“इतिहास लिहिलास. घेतलं त्यांनी. आणि मग?”

“मग बदलेन.”

“नाही बदलू दिलं. आणि मग?”

चार वर्षं, घरापासून इतक्या लांब, नको असलेल्या वर्गात.

“त्या विद्यापीठालाच विचार ना,” काकू म्हणाल्या.

“काकू, असं विचारलं तर नाव लक्षात ठेवतील!”

“मलाही भीती वाटतेय, सायू. चल, लिही. मी बसते शेजारी.”

ईमेल पाठवताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. हाताला कोथिंबिरीचा वास. उत्तर आलं ते साधं होतं: बाकी विषयांपैकी कोणता लिहिता याने फरक पडत नाही, नंतर बदलता येतो, पण कॉम्प्युटर सायन्सच्या जागा वेगळ्या आहेत, अर्ज जास्त येतात आणि दुसऱ्या विषयातून तिथे येणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे मंडळातल्या काकांचं अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात मी अडकले असते.

मी कॉम्प्युटर सायन्स लिहिलं. बाबा म्हणाले, “बघ बाई,” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

निकालाआधीच बँकेतले काका निवृत्त झाले आणि ते व काकू पुण्याला परत निघाले. सामान खाली नेताना मी लिफ्टमध्ये सोबत होते. काकूंच्या दोन्ही हातांत पिशव्या. “आज बटणापाशी तू उभी राहा,” त्या म्हणाल्या. मी बोट धरून उभी राहिले. दार उघडेपर्यंत मीही ते खाली घेतलं नाही.

निकालाच्या दिवशी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. “तू उघड. मी डोळे मिटते,” काकू म्हणाल्या, आणि खरंच मिटले.

नकार होता. इतिहास लिहिला असता तर तो होकार असता का, हे मला कधीच कळणार नाही. बाबा दारात उभे होते. स्क्रीनवर काकूंचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण माझ्या श्वासावरून त्यांना कळलं असावं.

“आणि मग?” त्यांनी विचारलं.

“मग इथलं विद्यापीठ. त्यांचं अजून कळायचंय.”

“तिथे काय लिहिलंयस?”

मी बाबांकडे पाहिलं. “कॉम्प्युटरच.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि डोळे उघडले. “चल आत.”