दौलतने रंगवलेली विहीर

दौलत परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होता. अठरा वर्षं रंगात हात घालून त्याची नखं कायमची जांभळी झाली होती. पंगतीत शेजारचा पाहुणा आपली पत्रावळ चार बोटं लांब सरकवून घेई. स्वभाव मात्र पांढराशुभ्र. सत्तावन्न साली तेवढा तो भडकला, आणि भडकावंच असं कारण होतं.

लालबागच्या त्याच्या चाळीमागे मोठं डबकं होतं. ते बुजवायला सरकारी कचेरीने दोन वर्षं तिथे शहराचा कचरा ओतला, वर मातीचा हात फिरवला आणि 'मैदान तयार' असं कळवलं. त्या मैदानावर कुत्रंसुद्धा बसेना. आत सडणाऱ्या कचऱ्याचं काळं पाणी खालून झिरपलं आणि चाळीच्या विहिरीला आधी वास आला, मग तेलकट तवंग, मग त्या पाण्यात शिजवलेला भात पिवळा होऊ लागला.

"इतका पक्का रंग आमच्या खात्यातसुद्धा बसत नाही," दौलत बायकोला म्हणाला.

"कौतुक पुरे!" नलू कडाडली. "विहीर गेली तर नाक्यावरचा नळ. आपण नागपूरला जाऊन धर्म बदलला, ही बातमी त्या नळावरच्या बायकांना अजून लागलेली नाही. त्यांच्या लेखी आपण अजून अस्पृश्यच. हंडा लावू देतील?"

दौलत कचेरीत गेला. शरच्चंद्र नावाच्या ओव्हरसियरच्या कोटावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला चमकत होता.

"कचऱ्याचं पाणी चाळीस पावलं चालत येत नसतं हो. तुमच्याच बायका काठावर धुणं धुतात, त्याची ही घाण. आणि जरा धीर धरा, मुंबई आपल्याला मिळाली की सगळं होईल."

"मुंबई मिळायची तेव्हा मिळेल साहेब. तिचा कचरा तेवढा आगाऊ मिळालाय!"

दुसऱ्या दिवशी दौलतने खात्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, विचारून टबातला उरलेला लाल रंग आणला. विहिरीला कुणी पोहरा लावू नका म्हणून घरोघर बजावलं, मैदानात कमरेइतका खड्डा खणला आणि रंग आत ओतला. पाचव्या सकाळी विहीर लालेलाल!

ओव्हरसियर नोटिशीचा कागद घेऊन धावत आला. "विहिरीत रंग टाकलात? खटला भरीन!"

"विहिरीच्या काठाला हात लावला नाही मी. मैदानात ओतला. चाळीस पावलं मोजून घ्या, आणि लिहा ना, आरोपीने रंग कचऱ्यात ओतला आणि तो विहिरीत निघाला. खाली तुमची सही, शेजारी माझी."

शरच्चंद्रने पेन खिशात ठेवलं. "तसं... तसं लिहिता येणार नाही."

"मग लिहू नका," नलू म्हणाली. "खणा!"

पंधरवड्यात मैदान आणि विहिरीच्या मध्ये खोल चर खणला गेला. काळं पाणी चराने एका नव्या टाकीत जाऊ लागलं, तिथे चुना खाऊन, निवळून गटारात. विहीर तीनदा उपसली. मग ओव्हरसियर काम पुरं झाल्याचा कागद दौलतच्या सहीसाठी घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, 'चाळकऱ्यांच्या सोयीसाठी चर खणून दिला.'

"सोय?" दौलत ओरडला. "दोन वर्षं आम्हाला विष पाजलंत, ते थांबवलं तर ती सोय?"

त्याने 'चाळकऱ्यांच्या सोयीसाठी' हे दोन्ही शब्द खोडले, वर ठसठशीत अक्षरात 'कचेरीच्या कचऱ्याचं पाणी विहिरीत येत होतं म्हणून' असं लिहिलं, आणि मगच सही केली.