शिकवलेलं पडणं

“पडला तर पडला. एकाच गोष्टीचं किती दळण दळाल?” आईने ओट्यावर झाकण आदळलं.

“पडला नाही तो. पडून दाखवलं,” वडील म्हणाले.

“बाबा, रेफरीला दिसलं, चार कॅमेऱ्यांना दिसलं. तुम्ही एकटेच शहाणे?” सून म्हणाली.

“कॅमेऱ्यांनी त्याला पडायला शिकवलं नव्हतं. मी शिकवलंय.”

ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो जेवणाच्या टेबलाशी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. काल सामन्यात संघाच्या डॉक्टरांनी बर्फ लावला, तेव्हापासून तो लावतच होता. थांबवायचं तर कधी आणि कोणासमोर, हे त्याला कळत नव्हतं. सकाळी तर दोनदा लंगडलाही होता, आणि दुसऱ्यांदा चुकून भलत्याच पायाने.

समोर क्लबचं पत्र पडलं होतं. एकच वाक्य : ‘बचावपटूचा पाय लागल्यामुळे मी पडलो.’ खाली सहीची जागा. ज्याला लाल कार्ड मिळालं त्या बचावपटूने दाद मागितली होती आणि मंगळवारी शिस्त समिती बसणार होती. दोन्ही संघ त्याला ‘काका’ म्हणत, इतका तो जुना. मोसमाचे तीन सामने उरले होते, त्यानंतर काका निवृत्त होणार होता. बंदीही नेमकी तीन सामन्यांची. पत्रावर सही झाली की काकाचं मैदान कालच संपलं, असा हिशेब होता.

वडील शाळेत खेळाचे शिक्षक होते. पोराला त्यांनी डेकॅथलॉनला घातलं. दोन दिवसांत दहा खेळ : धावणं, उड्या, फेकी आणि त्यातच बांबूवरची उंच उडी. पोराला उंचीची भीती. म्हणून पहिलं वर्षभर त्यांनी त्याला उडू दिलंच नाही, नुसतं पाडलं. शाळेच्या हॉलमध्ये जुन्या गाद्या टाकून आधी स्टुलावरून, मग टेबलावरून, मग कपाटावरून. “हनुवटी आत. खांदा पुढे. हात पोटाशी. हात टेकलास की मनगट गेलंच.” घरातल्या गाद्यांनाही खड्डे पडले. “माझ्या पाठीला काय बांबू लावायचाय का?” असं आई तेव्हा रोज विचारायची.

पोरगा दहाही खेळ बरे खेळला, पण एकातही पहिला आला नाही. देशपातळीवर दोनदा चौथा आला. त्याच्या पळण्यावर आणि उडीवर एका फुटबॉल प्रशिक्षकाची नजर गेली आणि पंचविसाव्या वर्षी तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला. “दहाही खेळ विसरावे लागतील,” एवढंच वडील म्हणाले. रुसले नाहीत. चार वर्षांत त्यांनी मुलाचा घरच्या मैदानावरचा एक सामना चुकवला नव्हता. कालचाही नाही.

“सगळेच करतात ना असं?” आई म्हणाली.

“असं करणारे सगळे होतेच की क्लबकडे. मग याला कशाला घेतला?”

“बाबा, पुढच्या महिन्यात त्याचा करार संपतोय,” सून म्हणाली. “एकोणतीसचा झाला तो. पत्र दिलं नाही तर उलट यालाच बंदी घालतील. मग क्लब काय ओवाळणार आहे याला?” मग ती नवऱ्याकडे वळली. “तू बोल ना! पाय तुझा, तोंड तुझं, आणि भांडतोय आम्ही.”

“धक्का लागला होता थोडा,” तो पत्राकडे बघत म्हणाला.

वडील त्याच्यावर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि वर्गात समजावावं तसं म्हणाले, “ज्याचा पाय अडकतो, तो हात टेकतो. चोर असो नाहीतर मंत्री असो, आधी हात जातात. तू हात पोटाशी घेतलेस, हनुवटी आत घेतलीस, खांद्यावर आलास. म्हणजे जमीन येतेय हे तुला आधीच माहीत होतं.” मग ते म्हणाले, “प्रेक्षकांत टाळ्या वाजत होत्या. माझ्या शेजारचा म्हणाला, काय जोरात पाडला हो! मी मान हलवली. खोटं मीही बोललो.”

हे त्याला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. वडिलांनी परक्या माणसासमोर आपल्यासाठी मान हलवली, हे ऐकून त्याचे कान तापले. पिशवीतलं पाणी ठिपकत होतं ते त्याने पायानेच पुसलं, त्याच गुडघ्यातून पाय नीट वाकवून. आईने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

“त्याने विचारलं मला,” तो म्हणाला.

“कोणी?” बायकोने विचारलं.

“काकाने. कार्ड दाखवायच्या आधी. त्याचा पाय वीतभर लांब होता, तरी त्याला वाटलं लागला असेल. वाकून म्हणाला, लागलं का रे फार?”

“मग? तू काय म्हणालास?”

“हो म्हणालो. आणि वर कण्हलो.”

आईने गॅस बंद केला. क्लबची, कराराची, सगळेच करतात याची उत्तरं अजून बायकोपाशी होती, पण ती तिच्या तोंडून निघेनात. “कण्हलास?” एवढंच ती हळूच म्हणाली, जणू तेवढं तरी त्याने नाकारावं.

“मोठ्याने.”

वडील उठायला लागले. “बसा,” तो म्हणाला, आणि पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

“सही मी करणार नाही. मंगळवारी अकरा वाजता समितीपुढे जाणार आहे. त्याचा पाय लागला नव्हता, मी मुद्दाम पडलो, असं सांगणार आहे. क्लबला आत्ताच फोन करतो.”