कॉलचे कपडे

बेरोजगारी कशी करावी हे कोणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्या मामेभावाकडे जावं. हल्लीची पोरं बेरोजगार म्हणवतात आणि सकाळी दूध घालतात, दुपारी कोणाची गाडी चालवतात, संध्याकाळी मोबाईलवर काय काय विकतात, आणि विचारलं की तोंड पाडून सांगतात, सध्या रिकामाच आहे. याला काय बेरोजगारी म्हणायची? माझ्या मामेभावानं बेरोजगारी केली ती लोक सरकारी नोकरी करतात तशी. नियमानं केली, दाढी करून केली, आणि उभ्या आयुष्यात तिच्यात एका रुपयाची लबाडी होऊ दिली नाही. इतक्या सचोटीनं कोणी कलेक्टरकी केली असती तर जिल्ह्याचं सोनं झालं असतं.

त्याचं गाव लाखांदूरच्या पुढे, धानाच्या बांध्याच बांध्या असलेल्या भागात. मामा कालव्यावर रोजंदारीला होते. सरकारचं पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात त्यांची हयात गेली, पण ते कायम काही झाले नाहीत. तरी सरकारवर त्यांचा राग नव्हता. रविवारी विहारातून आले की खाटेवर बसून म्हणायचे, "शेती पाटलाची, गिरणी सेठची. आपलं म्हणावं असं एक सरकारच हाये बाबू. माह्या पोरानं कायम व्हावं, मंग मी मेलो तरी चालते." त्यामुळे दादा, म्हणजे हा मामेभाऊ, आयटीआयमधून फिटर होऊन आला तसं मामांनी त्याला एसटीत घातलं आणि जिल्ह्याच्या नोकरीच्या हापिसात नेऊन उभं केलं. तिथं एका कागदावर सही करायची होती. 'मी सध्या कोठेही नोकरी अथवा कामधंदा करीत नाही' असं त्यावर छापलेलं. रांगेतल्या बाकीच्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. दादानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग सही केली. खिडकीतल्या बाबूनं कार्ड दिलं आणि वर न पाहता म्हटलं, "कॉल येईल. घरी थांबा." बाबूनं ते दिवसभरात कितीजणांना म्हटलं असेल देव जाणे. पण दादा तेव्हापासून घरी थांबला तो थांबलाच.

आणि थांबला म्हणजे काय, हात बांधून बसला असंही नाही. गावात मोटारपंप बिघडला, थ्रेशर अडला, सायकलची चेन तुटली, की लोक त्याच्याकडेच यायचे. तो पाने काढायचा, घामाघूम व्हायचा, आणि माणसानं खिशात हात घातला की दोन पावलं मागे सरायचा. "पैसे घेता येत नाई गा मले. सरकारले लिहून देल्लं हाये, मी बेरोजगार हावो म्हून. उद्या चौकशी आली त?" लोकांना आधी वाटलं, हा माज आहे. मग वाटलं, याचं डोकं फिरलं. आणि मग कळलं की हे आपल्या फायद्याचं आहे, तेव्हा शेजारच्या गावांतूनही पंप येऊ लागले. त्याचं काम फार चांगलं असायचं असंही नाही, बरं का. एकाचा पंप त्यानं असा दुरुस्त केला की पाणी यायचं थांबलं आणि आवाज तेवढा दुप्पट झाला. पण फुकटच्या कामाला नावं कोण ठेवणार? एकदा एकानं गावतलावातले ताजे मासे आणून दिले. दादा विचारात पडला. मासे म्हणजे मजुरी धरायची का? शेवटी त्यानं ते मासे रांधायला लावले आणि देणाऱ्यालाच जेवायला बोलावलं, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला बरं वाटलं. देणारा बायकापोरांसकट आला. घरच्यांच्या वाट्याला रस्सा राहिला.

मामांच्या घराला समोर छपरी आहे. तिथं मामांची खाट, आणि खाटेच्या समोरच्या भिंतीला खिळा. त्या खिळ्यावर कॉलचे कपडे टांगलेले असायचे. पांढरा शर्ट, काळी पँट, वरून प्लास्टिकची पिशवी, आणि खाली जमिनीवर पॉलिश केलेले बूट. कॉल आला आणि कपडे धुवायला टाकलेले असले तर? म्हणून ते कपडे तो कुठंच घालत नसे. दादा जाड झाला तशी पँट उसवली, पुढे वाळला तशी टाचली. अंगावर न चढताच ते कपडे अंगाबरोबर बदलत राहिले. रोज सकाळी दाढी करायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत अख्खं गाव चिखलात कमरेइतकं बुडालेलं असायचं आणि हा बांधीवर गुळगुळीत गालानं उभा. परगावी मुक्काम करायचा नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आम्ही सगळे सानगडीला मावशीकडे जमायचो. दादा यायचा, जेवायचा, आणि ताटावरून उठला की पिशवी उचलायचा. "पोस्टमन येऊन गेला त सही कोण करन?" त्याच्या स्वतःच्या लग्नात तर लांबून पोस्टमन दिसला आणि नवरदेव मांडवातून उठून सामोरा गेला. पोस्टमन जेवायला आला होता.

वहिनी मात्र सोन्यासारखी मिळाली. रोवण्याला जायची, शिलाई मशीन चालवायची, आणि तोंडही तसंच चालवायची. मी एकदा म्हटलं, वहिनी, तुम्ही याला काही बोलत का नाही? ती टाका न थांबवता म्हणाली, "मी काय बोलू भाऊजी? माणूस सरकारचा हाये. मी नुसती सांभाळून राहिली." पण सानगडीच्या एका राईस मिलवाल्यानं दादाला मशीनवर ये म्हटलं, महिन्याला पगार देतो म्हटलं, आणि दादानं हात जोडले, त्या दिवशी ती चुलीजवळ बसून रडली. दादा तिला समजावत होता. "खाजगीत लागलो त नाव कटते. इतके वर्ष थांबलो, आता नंबर जवळ आला असन." मी त्याच्यावर खूप चिडलो. म्हटलं, अरे शहाण्या, कोण येतंय तुझी चौकशी करायला? त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "सही तू केल्ती का? मी केल्ती."

कार्डाचं नूतनीकरण करायचं असलं की तो माझ्याकडे यायचा. माझं वरठीला स्टेशनाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे माझं पोटही बेरोजगारांवरच चालतं. मी त्याच्याबरोबर हापिसात जायचो. तिथल्या कोणाचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही. नोकरी शोधून देणारी खिडकी सगळीकडे इतक्या खाली असते की बेकार माणसाला वाकावंच लागतं. कधी साहेब मीटिंगला असायचे, कधी ज्या बाईंकडे ते रजिस्टर आहे त्या रजेवर, कधी शिक्का होता पण शाई नव्हती. दादा सगळ्यांना "जयभीम साहेब" म्हणायचा, घरची लाखोळीची डाळ द्यायला जायचा, आणि बाबूनं नको म्हटलं की त्याला आनंद व्हायचा. "पाह्यलं का? माणसं इमानदार हायेत." मग अदबीनं विचारायचा, "माझा नंबर कुठवर आला जी?" उत्तर ठरलेलं असायचं. कॉल येईल. घरी थांबा.

पुढे खिडकी बंद झाली आणि सगळं ऑनलाइन झालं. दादाला तेही आवडलं, कारण सरकार आता माझ्या दुकानातच आलं होतं. मी कॉम्प्युटरवर त्याची माहिती भरायला बसलो. ओटीपी यायचा, दादा चष्मा शोधायचा, तोवर ओटीपीची मुदत संपायची. असं करत करत 'अनुभव' या रकान्यापाशी आलो. मी म्हटलं, दादा, इथं पंप दुरुस्ती लिहू, थ्रेशर लिहू, एवढी वर्षं करतोस. तो खुर्चीतून उठलाच. "नाई गा. मंग मी बेरोजगार कसा? निरंक लिही." अर्ध्या तालुक्याचे पंप उघडलेल्या माणसापुढे मी निरंक लिहिलं. ते लिहिताना मला हसू आलं होतं. आज येत नाही.

आणि गेल्या उन्हाळ्यात कॉल आला. मोबाईलवर आला. अमुक तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार मेळावा, उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह हजर राहावं. दादानं तो मेसेज मामांना वाचून दाखवला. मामा आता खाटेवरून उठत नाहीत. त्यांनी दादाला जवळ बोलावून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. वहिनीनं कपड्यांवरची प्लास्टिकची पिशवी काढली आणि शर्टाचं एकेक बटण ओढून पाहिलं. मला वाटतं, तिलासुद्धा त्या दिवशी खरं वाटलं असावं. ते कपडे घालून दादा एसटीतून उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. शर्ट जागच्या जागी पिवळा पडला होता, पण माणूस ताठ होता.

मेळाव्याला मंडप होता, खुर्च्या होत्या, गारेगार पाणी होतं. टेबलं मात्र सगळी कंपन्यांची. पुण्याला पॅकिंग, कुठंतरी सिक्युरिटी, कुठं डिलिव्हरी. समोर वीस-बावीस वर्षांची पोरं. दादा एकेका टेबलापाशी जाऊन पाटी वाचत होता. सगळी टेबलं संपल्यावर मला म्हणाला, "सरकारचं टेबल कोणतं गा?" सरकारचं टेबल दाराशी होतं, नावनोंदणीचं. तिथं एक तरुण मॅडम बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांनी दादाला खुर्ची दिली, कार्ड पाहिलं, जन्मतारीख पाहिली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "काका, सरकारी भरतीसाठी तुमचं वय केव्हाच निघून गेलं. आणि आता कार्डावरून कॉल येत नाहीत. जाहिरात निघते, परीक्षा असते." दादा म्हणाला, "मी कुठंच काम नाई केलं मॅडम. एक दिवस नाई. नाव कटू नये म्हून." त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "पण काका, काम केलं असतं तरी नाव राहिलंच असतं. फक्त कळवायचं होतं."

मी दादाकडे पाहू शकलो नाही. त्यानं कार्ड परत घेतलं, खिशात ठेवलं, मॅडमना जयभीम केला. मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा निदान खाली बसेल. तो दारातल्या माठातलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "चाल, लाखांदूरची गाडी जाईन." मी त्याला एकटा सोडणार नव्हतो. बसमध्ये तो खिडकीबाहेर पाहत होता. एक राईस मिल मागे पडली तसा म्हणाला, "वाईट त्या मिलवाल्याचं वाटते. चांगला माणूस होता." आणि मग थोड्या वेळानं, "तुझ्या वहिनीले मी सांगन. तू नको सांगू."

घरी पोचलो तेव्हा मामा जागे होते. खाटेवरूनच विचारलं, "काय म्हणलं सरकारनं?"

दादा बूट काढत होता. ज्या माणसानं एका छापील ओळीखातर संसार उपाशी ठेवला, तो वर न पाहता म्हणाला, "नंबर लागला बाबा. कॉल येन म्हणते. घरी थांबा म्हणलं." मामांनी मान हलवली आणि डोळे मिटले. आत वहिनीच्या मशीनचा आवाज थांबला होता.

आता दादा पंप दुरुस्तीचे पैसे घेतो. परड्यात, घराच्या मागच्या बाजूला, हळू आवाजात, म्हणजे छपरीत मामांना ऐकू जाऊ नये. किती मागायचे ते त्याला अजून कळत नाही, म्हणून वहिनी आतूनच आकडा सांगते. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. सकाळची वेळ होती, दादा आरसा घेऊन दाढी करत होता. कॉलचे कपडे धुऊन, इस्त्री करून पुन्हा खिळ्यावर लागले होते, नव्या पिशवीत. मामा खाटेवरून त्यांच्याकडे पाहत होते. मला म्हणाले, "पँट थोडी ढिली होत असन त्याले. पाहून घे बाबू, वेळेवर घाई नको." मी उठलो, पिशवीवरून हात फिरवला आणि म्हटलं, बरोबर आहे मामा, सगळं तयार आहे.