एकोणसत्तरच्या रांगा

नंबरकाकांना कुठल्याही स्टेडियमचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खुर्च्या किती?" आकडा कळला की डोळे मिटून मनाशी पुटपुटायचे आणि निकाल द्यायचे, "साडेसात महिने."

हे लंडनच्या वेम्बलीचं उत्तर. तिथे नव्वद हजार माणसं बसतात आणि काका दिवसाला चारशे खुर्च्यांवर नंबर घालतात. आकडा कोरलेला पत्रा खुर्चीच्या पाठीवर धरायचा, रंगात बुडवलेला स्पंज दोनदा टेकवायचा, पत्रा उचलायचा, पुढची खुर्ची. तीस वर्षांत शहरातली नाट्यगृहं, सभागृहं त्यांच्या हाताखालून गेली होती. फुटबॉलचं मैदान मात्र पहिल्यांदाच मिळालं होतं. नव्या स्टेडियमचा खालचा मजला नीट झाला की वरचाही त्यांचाच, असं ठरलं होतं.

तेव्हापासून त्यांना जगातल्या मोठ्या स्टेडियमांचं वेड लागलं. डबा खाताना ते काकूंना उत्तर कोरियातल्या अवाढव्य स्टेडियमबद्दल सांगत. "कोणी म्हणतं दीड लाख, कोणी म्हणतं सव्वा लाखसुद्धा नाहीत. दीड लाख धरले तर आख्खं वर्ष जाईल आणि वर दहा दिवस लागतील. पण मला सांग, आकड्यांत एवढा फरक पडतोच कसा? तिथे नंबर घालणारा कोणी नाही की काय?"

ब्राझीलच्या माराकानात १९५० साली एका सामन्याला दोन लाखांच्या आसपास माणसं होती, हे कळल्यावर तर ते दोन दिवस बेचैन होते. "अगं, त्यातली कितीतरी उभीच! खुर्च्या बसवल्यावर तिथे आता निम्मीसुद्धा मावत नाहीत. पण त्या उभ्या माणसांचे नंबर कुठे घालत असतील?"

"कपाळावर," काकू म्हणाल्या. "भाजी संपवा."

काकू कामावर त्यांच्याबरोबरच असत. गॅलरी वळणावळणाची, म्हणून प्रत्येक रांगेतल्या खुर्च्या कमीजास्त. जिन्याच्या डावीकडचं काम आधीच उरकलं होतं. आता उजवीकडच्या प्रत्येक रांगेला कुठल्या आकड्यापासून सुरुवात करायची, ते जिन्यात उभ्या राहून काकू नकाशावरून मोठ्याने सांगत. काका वाकलेले असत. मान वर न करता ते पत्रा लावत.

एका सकाळी इंजिनिअरबाई वही घेऊन आल्या.

"काका, सतराव्या रांगेत एकसष्ट नंबरच्या दोन खुर्च्या आहेत. एकोणसाठपासून अडुसष्टपर्यंत सगळे नंबर दोनदा पडलेत. असल्या पाच रांगा निघाल्या. सामन्याच्या दिवशी मारामाऱ्या होतील!"

दुसरा कोणी असता तर त्याचं तोंड उतरलं असतं. काकांना आधी कुतूहलच वाटलं. पाचच का? आणि ह्याच पाच का? त्यांनी नकाशा मांडीवर घेतला. पाचही रांगांची सुरुवात एकोणसत्तरपासून होती. सदुसष्टच्या रांगा बरोबर, सत्तरच्याही बरोबर.

"तू काय सांगितलं होतंस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"एकोणसत्तर. पाचही वेळा. शपथ घेऊ?"

दुपारी सामानाच्या खोलीत त्यांनी काकूंना आपल्या पाठीमागे उभं केलं. "आकडे म्हण. कुठलेही."

"चौऱ्याहत्तर."

"चौऱ्याहत्तर. पुढे?"

"बावन्न."

"बावन्न."

"एकोणसत्तर."

"एकोणसाठ," काका म्हणाले. पुढच्या आकड्यासाठी ते वळले आणि काकूंचा चेहरा बघून समजले. शब्दाचं शेपूट त्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हतं.

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, माझी जीभ घसरली म्हणून सांगू आपण. माझं काय जातंय?"

काका विचारात पडले. वरच्या मजल्यावर छताचं काम चालू होतं. क्रेनचा भोंगा वाजला की खालच्या माणसांनी बाजूला व्हायचं, असा नियम होता. कान अधू झालेल्या माणसाला तिथे कोणी चढू देणार नव्हतं. आणि भोंगा ऐकू आला नाही, तर लोखंड त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर पडणार नव्हतं. शेजारी काकूच असणार होत्या.

ते तडक इंजिनिअरबाईंकडे गेले. "बाई, चूक हिची नाही. माझा कान गेलाय. रांगा उद्या पुसून नीट करतो."

बाईंनी वही मिटली. "मग वर तुम्हाला पाठवता येणार नाही, काका."

"ते माहीत आहे. पण एक विचारू? क्रेन किती वाजता थांबते?"

"चारला."

"आणि अंधार सातला. तीन तास. दीडशे खुर्च्या होतील."

"वर तीस हजार खुर्च्या आहेत, दोनशे दिवस लागतील हो! मला सत्तर दिवसांत हव्यात."

काका डोळे मिटून पुटपुटले. "मग साडेदहा हजार माझ्या. बाकीच्या दुसऱ्या कोणाला द्या. माझ्या कुठल्या, तेवढं मला निवडू द्या."

बाईंना हसू आवरेना. "कुठल्या हव्यात?"

"सगळ्यात वरच्या. तिथून चेंडू केवढा दिसतो, ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी दोघं जिना चढू लागली. काकूंनी बाजारातून एक पाटी आणली होती आणि तिच्यावर खडूने ठळक आकडा काढला होता. शेवटच्या पायरीवर त्या धापा टाकत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाटी उंच धरली.

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. कठड्याला धरून ते खाली बघत होते. मैदानात माळी चुन्याची रेघ ओढत होता, बोटाच्या पेराएवढा.

"अगं, हा एवढासा! मग दीड लाखवाल्यांना वरून काय दिसत असेल?"

"अहो, पाटी बघा. हात दुखले माझे."