गावपळणीत शिकलेलं पायथन

गावपळण म्हणजे ग्रामदेवतेच्या हुकमाने अख्ख्या गावाने गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या घालून राहायचं. मागे कोणी म्हणजे कोणी थांबायचं नाही. या प्रथेचं बाहेरच्यांना भारी कौतुक. दरवेळी कॅमेरे येतात. आमच्या किनाऱ्यासाठी मात्र एक कॅमेरा कधी आला नाही.

ज्या वाळूवर आम्ही सगळे मिळून रापणीचं जाळं ओढतो, मासळीचे वाटे घालतो, जाळं सुकवतो, ती एका हॉटेलाला द्यायचं घाटत होतं. हरकतींची नोटीस सरकारी संकेतस्थळावर गुपचूप चढते आणि मुदत संपली की उतरते, हे पत्रकांतून सांगून आम्ही थकलो होतो. म्हणून या गावपळणीत मी पायथन ही कंप्युटरची भाषा शिकायला घेतली. संकेतस्थळ रोज चाळून नोटीस दिसताच फोन वाजवणारा प्रोग्राम लिहायचा होता. वेशीबाहेर रेंजही बरी होती.

पहिल्याच धड्यात कळलं की यात मोजणी शून्यापासून होते. का, ते शोधायला गेले आणि दुपार गेली. ग्वाल्हेरच्या देवळात कोरलेलं शून्य, मग माया लोकांचं शिंपल्यासारखं शून्य, तिथून शिंपले, मग कवड्या. त्या वर्षात इतकी खूश मी एकदाही झाले नव्हते.

चुलीकडून काकी म्हणाली, "काय गो, एकटीच हसतस?"

"काकी, कंप्युटर शून्यापासून मोजता."

"म्हणजे रापणीचो पयलो वाटो कोणाकच नाय?"

"तसाच."

"मगे तो कंप्युटर सरकारानच बनवलेलो असतलो."

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम झाला, चाललाही. त्याला काही सापडलं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त.

देवाचा कौल घेऊन परतलो, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस. आम्ही बाहेर पडल्यावर चिकटवलेली. हरकतीची मुदत आमच्या गावपळणीइतकीच, आणि संपलेली.

तालुक्याच्या कचेरीत साहेब म्हणाले, "एकही हरकत आली नाही. म्हणजे ग्रामस्थांची संमती."

"गावात माणूसच नव्हता."

"नोटीस दर्शनी भागावर होती."

"संकेतस्थळावर का नाही?"

"तसं बंधन नाही."

देव सांगतो बाहेर जा, सरकार विचारतं आत का नव्हता. आम्ही अर्ज दिला. पोच मिळाली. बाकी काही मिळालं नाही, मिळेल असं वाटतही नाही.

मोजणीवाले आले तेव्हा जाळं वाळूवर सुकत होतं. अडचण होते, उचला, म्हणाले. काकीने एक टोक धरलं, मी दुसरं. आम्ही उचललं.